लेक लेनियर (जॉर्जिया): स्ट्राइपरसाठी दांडी, रीळ, गरी आणि आमिष काय घ्यावं?

पाणथळ

नमस्कार मंडळी. लेनियरवर येत्या एप्रिलपासून स्ट्राइप्ड बास (स्ट्राइपर) गरवायचा विचार आहे. बोट २० फुटी आहे, पुढे इलेक्ट्रिक मोटर आणि सोनार आहे. लार्जमाउथ बाससाठी घेतलेल्या ७ फुटी कडक दांड्या आहेत, त्यांच्या रिळांवर ३० पौंडी ब्रेड (३० पौंड ताण पेलणारी विणलेली दोरी) भरलेली आहे. हे सामान स्ट्राइपरला चालेल का? जिवंत आमिष कुठलं घ्यावं आणि ते दिवसभर जगवायचं कसं? एकदम सगळं घेणं शक्य नाही, त्यामुळे कशावर आधी खर्च करावा तेही सांगा.

कुंडलिका काठ

पाणथळ, खरेदीची सुरुवात दांडीपासून करू नका. मासा किती खोलीवर आहे आणि काय खातोय हे पाण्याचं तापमान ठरवतं. त्यावरून आमिष ठरतं, आमिषाच्या आकारावरून गरी, गरीवरून तंगूस (दोरी). हे सगळं पेलणारी दांडी सगळ्यांत शेवटी.

लेनियरवर वसंतापासून उन्हाळाअखेरपर्यंत मुख्य आमिष म्हणजे ब्लूबॅक हेरिंग. आपल्या पाल्याचा हा नातलग, ४ ते ६ इंची, चंदेरी, हात लागला की खवले गळणारा. त्याला १/० किंवा २/० मापाची सर्कल गरी पुरते (या मापांत आकडा वाढतो तशी गरी मोठी). ३ इंची थ्रेडफिन शॅडला (हेरिंगच्याच कुळातला छोटा मासा) १ नंबर, म्हणजे त्याहून लहान. ८ ते १० इंची गिझर्ड शॅड लावणार असाल तर ६/० ते ८/०.

मोठी गरी जास्त सुरक्षित, हा समज सोडा. हेरिंगला ५/० लावली तर तिच्या वजनाने तो डोकं खाली घालून गोल फिरत राहतो आणि दहा मिनिटांत थकतो. उलट मोठ्या शॅडला छोटी गरी लावली तर आमिष वळताना गरीचं टोक त्याच्याच डोक्यात परत रुततं. मग स्ट्राइपर आमिष तोंडात घेतो, ओढतो, सोडतो, आणि वर येतो तो नुसता चिरडलेला शॅड. टोक आणि दांडा यांच्यामधली जागा आमिष लावल्यावरही मोकळी दिसली पाहिजे.

गरी दोन्ही नाकपुड्यांतून आडवी घाला. बोट पुढे सरकत असताना मासा सरळ पोहतो आणि तोंडातून पाणी आत जात राहतं, म्हणून टिकतो. जबड्यातून खालून वर घातली तर तोंड मिटतं, कल्ल्यांवरून पाणी वाहत नाही, आमिष गुदमरतं. बोट एका जागी थांबलेली असेल तर पाठीवर, पुढच्या पराच्या थोडं आधी टोचली तरी चालते.

सर्कल गरीला झटका द्यायचा नाही. तिचं टोक दांड्याकडे वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन वळला की गरी घशातून सरकत बाहेर येते आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. झटका दिला तर कोपरा गाठण्याआधीच ती तोंडातून निसटते. दांडी होल्डरमध्येच राहू द्या. टोक पाण्यापर्यंत वाकलं आणि वाकलेलंच राहिलं की रीळ फिरवायला घ्या.

टेक्सोमाकर

सर्कल गरीबद्दल सहमत. ब्रेडबद्दल लिहितो, कारण प्रश्नात ती आहे.

जिवंत आमिषाच्या दांडीवर ब्रेड नको. मोनो (एकाच नायलॉन धाग्याची दोरी) ताण आल्यावर लांबते, ब्रेड जवळपास लांबत नाही. स्ट्राइपर आमिष आत ओढतो आणि वेगाने खाली वळतो. त्या क्षणी ताठ दोरी आणि कडक दांडी असेल तर त्याला अडथळा लगेच जाणवतो, किंवा गरी मांस फाडून सुटते. शिवाय सहा दांड्या पाण्यात असताना ब्रेड एकमेकींत गुंतली तर सोडवता येत नाही, कापावीच लागते. प्लेनर बोर्डच्या (आमिष बाजूला नेणारी तरंगती फळी) चिमट्यातूनही ती घसरते. त्यामुळे मुख्य दोरी १७ ते २० पौंडी मोनो घ्या.

३० पौंडी ब्रेड आणि कडक दांड्या मात्र फेकू नका. स्पून (चमच्यासारखा धातूचा तुकडा), बकटेल (केस लावलेली शिशाची गरी) आणि पृष्ठभागावरच्या लुअरसाठी (नकली आमिष) तेच सामान हवं. ६० फूट खाली असलेल्या स्पूनला लागलेला हलका धक्का मोनोवर हाताला कळतच नाही.

पाणथळ

म्हणजे दोन वेगळे संच लागतील. जिवंत आमिषासाठी दांडी आणि रीळ नेमकं कसं हवं?

कुंडलिका काठ

दांडी ७ ते ७॥ फुटी, मध्यम किंवा त्याहून थोडी मऊ, फायबरग्लासची किंवा ग्लास-ग्राफाइट मिश्र. टोक इतकं मऊ हवं की हेरिंग घाबरून पळू लागला तर ते थरथरताना दिसावं. तीच थरथर म्हणजे खाली स्ट्राइपर आल्याची पहिली खबर. अग्ली स्टिकसारख्या स्वस्त ग्लास दांड्या या कामाला उत्तम आहेत. इथे महागडं ग्राफाइट उलट तोट्याचं.

रीळ गोल, आडवं, लाइन काउंटरचं (किती फूट दोरी सुटली ते दाखवणारं) घ्या. खर्च करायचा तर इथे. ओकुमाची काउंटरवाली साधी रिळं सुरुवातीला पुरेशी आहेत, शिमानोचं टेकोटा जास्त टिकतं. क्लिकर (दोरी ओढली गेली की टकटकणारा) असलाच पाहिजे.

काउंटर दोरी मोजत नाही, स्पूलचे फेरे मोजतो. स्पूल अर्धवट भरलेला असेल तर प्रत्येक फेऱ्याला कमी दोरी सुटते. काउंटर ५० म्हणतो आणि आमिष ४० फुटांवरच असतं. म्हणून स्पूल काठाच्या पाव इंच आतपर्यंत भरा, अंगणात टेपने ५० फूट मोजून काउंटर किती दाखवतो ते बघा आणि फरक रिळावर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. सगळ्या रिळांवर एकाच मापाची दोरी असली की एका दांडीला मासा लागल्यावर बाकीच्या नेमक्या त्याच खोलीवर नेता येतात. वेगवेगळ्या रिळांचा संच जमवू नका तो याचसाठी.

ड्रॅग (रिळाचा ब्रेक) लीडरच्या (गरीआधीच्या दोरीच्या तुकड्याच्या) ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. १५ पौंडी लीडरला ४ ते ५ पौंड. बोटाच्या अंदाजाने नाही, स्प्रिंगच्या काट्याने ओढून मोजा. पहिल्या धावेत लीडर तुटण्याचं नेहमीचं कारण आवळलेला ड्रॅग. दुसरं कारण कोरडी आवळलेली फ्लुओरोकार्बनची (पाण्यात कमी दिसणाऱ्या दोरीची) गाठ: घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच कमजोर होते. थुंकीने ओली करून सावकाश आवळा.

अथांग

डाउनलाइनची (शिसं लावून आमिष सरळ खाली सोडण्याची) मांडणी कुणी लिहिलेली दिसत नाही, म्हणून लिहितो.

मुख्य मोनोत २ औंसांचा अंड्याच्या आकाराचा, आरपार भोक असलेला शिशाचा गोळा ओवा. त्याखाली प्लास्टिकचा मणी. मणी नसेल तर शिसं गाठीवर आपटत राहतं आणि गाठ झिजते. मग बॅरल स्विव्हल (फिरती कडी), पुढे ४ ते ६ फूट फ्लुओरोकार्बन लीडर आणि गरी. लीडर साधारण १५ पौंडी. लेनियरचा धरणाकडचा भाग फार नितळ आहे, तिथे भर उन्हात १२ पौंडी. मोठ्या गिझर्डला २० पौंडी.

२५ फुटांपर्यंत १ औंस शिसं पुरतं. त्याखाली २ औंस, नाहीतर बोट सरकताना दोरी तिरकी होते आणि काउंटरवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. इलेक्ट्रिक मोटरने वेग ताशी अर्ध्या मैलाच्या आत ठेवा. दोरी सरळ खाली गेली तर शिसं सोनारवर बारीक रेघ होऊन दिसतं. मग अंदाजाचं काम राहत नाही.

आमिष माशांच्या वर ठेवा, ३ ते ५ फूट. स्ट्राइपर वर बघून शिकार करतो. खालून जाणाऱ्या आमिषासाठी तो सहसा खाली जात नाही. सोनारवर कळप ४० फुटांवर दिसला तर आमिष ३५ वर. आणि तो आकडा शिशाचा नाही, आमिषाचा धरा: लीडर ५ फुटी असेल तर शिसं ३० वर थांबलं पाहिजे.

पाणथळ

अथांग, हे उन्हाळ्याचं झालं ना? एप्रिलमध्येही डाउनलाइनच?

अथांग

नाही. एप्रिलमध्ये पाणी ६० ते ७० अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं, तेव्हा बरेच मासे वरच्या १५-२० फुटांत, टेकाडांवर आणि खाड्यांच्या तोंडाशी असतात. बोट थेट त्यांच्या डोक्यावरून गेली तर ते बाजूला होतात. म्हणून फ्रीलाइन आणि प्लेनर बोर्ड.

फ्रीलाइन म्हणजे शिसं नाही, नुसती गरी आणि हेरिंग, बोटीच्या ८० ते १०० फूट मागे. वेग ताशी ०.६ ते १ मैल. त्याहून जास्त झाला तर हेरिंग ओढला जातो आणि लोळत येतो. थोडं खाली न्यायचं तर गरीच्या ४ फूट वर शिशाचा एक लहान मणी चिमटा.

प्लेनर बोर्ड आमिषाला बोटीपासून बाजूला नेतो. आमिष आधी ३० ते ६० फूट मागे सोडा, मग दोरी बोर्डच्या चिमट्यात अडकवा आणि बोर्ड ३० ते १०० फूट बाजूला जाऊ द्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोर्ड आणि मागे दोन फ्रीलाइन लावल्या की पट्टा रुंद होतो. किनाऱ्याकडचा बोर्ड ५ फूट पाण्यावरून गेला तरी घाबरू नका. वसंतात पहाटे स्ट्राइपर इतक्या उथळ पाण्यात येतो.

वळण मोठं घ्या. छोट्या वळणात आतल्या बाजूचा बोर्ड थांबतो आणि त्याचं आमिष मागच्या दोरीवर जाऊन बसतं.

सुमेधा एन

तापमानाचा विषय निघालाच आहे तर त्यामागचं कारण लिहिते. सामानाची निवड त्यावरच उभी आहे.

स्ट्राइप्ड बास मुळात अटलांटिक किनाऱ्याचा मासा. समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. आपला जिताडा नेमकं उलट करतो, गोड्या पाण्यात वाढून अंड्यांसाठी खारट पाण्याकडे उतरतो. साउथ कॅरोलायनात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सँटी-कूपरची धरणं झाली आणि वर अडकलेले स्ट्राइपर गोड्या पाण्यातच जगून प्रजननही करू लागले. तिथून ही मासेमारी इतर जलाशयांत पसरली. याची अंडी फुटेपर्यंत साधारण दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, तळाशी बसली की गुदमरतात. टेक्सोमाला (टेक्सास-ओक्लाहोमा सीमेवरचा जलाशय) रेड आणि वॉशिटा या लांब वाहणाऱ्या नद्या मिळतात, म्हणून तिथे मासा स्वतः वाढतो. लेनियरमध्ये राज्याचा मत्स्यविभाग पिल्लं सोडतो.

मोठ्या स्ट्राइपरला थंड आणि प्राणवायू असलेलं पाणी एकाच वेळी लागतं. उन्हाळ्यात वरचं पाणी ८० अंशांच्या पुढे जातं आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. मधला जो पातळ थर उरतो त्यात सगळे मासे दाटीने राहतात. म्हणूनच जुलै-ऑगस्टमध्ये डाउनलाइन चालते. त्याच कारणाने त्या दिवसांत वर ओढलेला मासा परत सोडला तरी बहुधा जगत नाही, पोहत खाली गेलेला दिसला तरीही. उन्हाळ्यात धरून-सोडून खेळू नका. जे लागेल ते ठेवा, खाण्यापुरतं झालं की दांड्या गुंडाळा. हे मी आग्रहाने सांगते आहे.

जॉर्जियात रोजची मर्यादा स्ट्राइपर, व्हाइट बास आणि त्यांचे संकर मिळून १५ आहे, त्यांत २२ इंच किंवा त्याहून मोठे फक्त २. निघण्यापूर्वी चालू वर्षाची नियमपुस्तिका बघाच.

पाणथळ

सुमेधाताई, धन्यवाद, हे माहीत नव्हतं. आता आमिष जगवण्याबद्दल कुणी सांगेल का? बोटीतल्या लाइव्हवेलमध्ये हेरिंग ठेवले तर?

कुंडलिका काठ

मरतील. लाइव्हवेल चौकोनी असतं. हेरिंग आणि शॅड थांबून राहू शकत नाहीत, सतत पोहतात, आणि कोपऱ्यात नाक आपटून घेतात. नाक लाल झालं की ते आमिष संपलं. टाकी गोल किंवा लंबगोल, उष्णतारोधक, गाळणी आणि हवेचा पंप असलेली हवी. ३० गॅलनच्या टाकीत हेरिंग ३० च्या आत. दर गॅलनला एक, उन्हाळ्यात त्याहून कमी.

मीठ घाला: दर १० गॅलनला साधारण १ कप जाडं, आयोडीन नसलेलं. खवले गळालेल्या जागेतून गोडं पाणी माशाच्या अंगात शिरत राहतं आणि क्षार बाहेर जातात. खारट पाण्यात तो फरक कमी होतो, मासा तग धरतो. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन मारणारं औषध. पाणी उन्हाळ्यात ६५ अंशांच्या आसपास ठेवा. बर्फ थेट टाकू नका, त्यात नळाचंच क्लोरीन असतं. पाणी गोठवलेल्या बंद बाटल्या टाका आणि एकेक करून. एकदम १० अंशांचा फरक पडला की हेरिंग उलटे होतात.

पाण्यावर फेस जमला म्हणजे चिकट स्राव आणि घाण वाढली. वरून फेस काढून भागत नाही, कारण खरा मारक अमोनिया पाण्यातच असतो. गाळणीचा कापूस धुवा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला, मीठ त्या हिशेबाने पुन्हा घाला.

कोरड्या हाताने आमिष धरू नका. छोटी जाळी, ओला हात, पटकन गरी. आणि गरीवरचं आमिष दर वीसेक मिनिटांनी बदला. सुस्त हेरिंगला चार तास फिरवण्यापेक्षा चपळ हेरिंग चार मिनिटं बरा.

टेक्सोमाकर

विकतच्या आमिषापेक्षा स्वस्त रस्ता पाग (फेकायचं जाळं). पहाटे दिव्याखाली किंवा खाडीच्या टोकाला शॅड मिळतो. ३ इंची थ्रेडफिनसाठी ३/८ इंची चौकट. त्याहून मोठी घेतली तर शॅड डोकं घालून कल्ल्यापाशी अडकतात, शंभर मासे एकेक करून सोडवावे लागतात आणि सगळे मरतात. मोठ्या गिझर्डसाठी उलट ५/८ ते १ इंच, कारण बारीक जाळी हळू बुडते आणि गिझर्ड तेवढ्यात खालून पळतात. शिसं त्रिज्येच्या दर फुटाला दीड पौंडाच्या आसपास.

आणि उरलेलं आमिष पाण्यात सोडू नका, एका तलावातलं दुसऱ्या तलावात नेऊ नका. ब्लूबॅक हेरिंग इतर माशांची अंडी-पिल्लं खातो आणि तो जिथे नव्हता तिथे वॉलायसारख्या माशांचं नुकसान झालेलं आहे. अनेक ठिकाणी त्याची वाहतूक बेकायदा आहे.

ओलीसुकी

बोट नसलेल्यांसाठी काही? काठावरून होतं का?

टेक्सोमाकर

होतं. मार्च-एप्रिलमध्ये मासे नद्यांकडे चढतात तेव्हा नदीमुखाजवळचा काठ धरा. आमिष ताज्या गिझर्ड शॅडचं कापलेलं. डोकं आणि त्यामागचा आतड्यांचा तुकडा सर्वांत चांगला: घट्ट राहतो आणि तेल सोडतो. शेपटीकडचा तुकडा पाण्यात गिरगिरतो आणि लीडरला पीळ पडतो. गोठवलेला शॅड मऊ पडून फेकतानाच गरीवरून सुटतो. ६/० ते ८/० सर्कल, ३ फूट २० पौंडी लीडर, सरकतं २ ते ३ औंस शिसं, ९-१० फुटी दांडी. रीळ बेटरनरचं (मासा ओढू लागला की दोरी मोकळी सोडणारं), किंवा ड्रॅग सैल करून क्लिकर लावलेलं. ड्रॅग आवळून दांडी नुसती काठीवर टेकवली तर दांडीसकट सामान पाण्यात जातं.

पाणथळ

लुअरबद्दल शेवटचा प्रश्न. जुनी कडक दांडी आणि ब्रेड वापरायची तर काय काय घेऊ?

अथांग

पाच-सहा गोष्टी पुरतील. अर्धा ते १ औंस पांढरं बकटेल. सुपर फ्लूक (मऊ प्लास्टिकचा मासा), ३/८ औंसाच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेली गरी). पृष्ठभागासाठी झारा स्पूक आणि कॉर्डेलचं रेड फिन. रेड फिन अगदी हळू गुंडाळायचं, पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी लाट उमटली पाहिजे. वेग वाढला की ते बुडतं आणि कामातून जातं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री खडकाळ टोकांवर बॉम्बर लाँग ए.

भर उन्हाळ्यात १ ते २ औंसांचा मोठा स्पून कळपाच्याही खाली सोडा आणि जमेल तितक्या वेगाने वर ओढा, मधे न थांबता. डाउनलाइनला तोंड न लावणारे मासे यामागे धावतात. ब्रेडला पुढे ४-५ फूट २० पौंडी फ्लुओरो जोडा, दुहेरी युनी गाठीने.

ट्रोलिंगला (बोटीमागे लुअर ओढत नेण्याला) छत्री रिग, म्हणजे छत्रीच्या काड्यांसारख्या तारांना जिग लावलेली. ३ औंसांच्या रिगवर नऊ जिग, मधलं थोडं लांब आणि वेगळ्या रंगाचं. १०० ते १२० फूट मागे, ताशी २.५ ते ३ मैल. मात्र याला तुमची दांडी मोडेल. जाड ग्लासची वेगळी दांडी आणि ५० पौंडांच्या पुढची दोरी लागते. पहिल्या वर्षी यात पडू नका. झाडाच्या बुंध्यात अडकली की सगळी रिग गेली.

टेक्सोमाकर

टेक्सोमाच्या हिवाळ्यातलं एक लेनियरवरही करून बघण्यासारखं आहे: १ औंसाचं जिगहेड, त्यावर फ्लूक, कळपाच्या जरा वर सोडायचं आणि हलवायचंच नाही. थंड पाण्यात मासा पाठलाग करत नाही. बोटीच्या डुलण्याने जेवढं हलेल तेवढंच पुरतं. दांडी होल्डरमध्ये ठेवली तर हातात धरण्यापेक्षा बरं.

पाणथळ

मग खरेदी अशी ठरवतो: चार सारखी काउंटर रिळं, चार मऊ ग्लास दांड्या, २० पौंडी मोनो, १५ पौंडी फ्लुओरो, १/० आणि २/० सर्कल, २ औंस शिसं, दोन प्लेनर बोर्ड, ३० गॅलनची गोल टाकी. बरोबर?

कुंडलिका काठ

बरोबर. १ औंस शिसं आणि स्प्रिंगचा काटा जोडा. टाकी आधी, चौथी दांडी नंतर घेतली तरी चालेल. लांब दांड्याची जाळी हवी, रबराची: नायलॉनच्या जाळीत सर्कल गरी अडकते आणि बाकी दांड्या वाजत असताना ती सोडवत बसावं लागतं. कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, जिताड्यासारखीच. तिथे बोट घालून मासा उचलू नका, खालचा जबडा धरा.

सुमेधा एन

आणि बर्फाची पेटी. ठेवायचा मासा लगेच कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात घाला. तुकडे करताना कातडीलगतची गडद लाल पट्टी पूर्ण काढून टाका. उग्र वास तिचाच असतो. ती काढली की मांस पांढरं, घट्ट, रव्यात तळायला उत्तम.